पौंड तळाला टेकला तो बुधवार
लंडन, १५ आणि १६ सप्टेंबर १९९२ : तासातासाचा घटनाक्रम

एका पौंडाला २.७७८ जर्मन मार्क. १९९२च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारची लक्ष्मणरेषा ती हीच. पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेत ८ ऑक्टोबर १९९० रोजी दाखल झाला, तेव्हा त्याचा मध्यवर्ती दर २.९५ मार्क ठरला. त्याच्या वर-खाली सहा टक्के हलायची मुभा होती आणि त्या मुभेचा तळ २.७७८ होता. पौंड तळाला टेकला, तर ब्रिटन आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी बाजारात उतरायचे आणि समोर येईल तेवढा पौंड त्याच भावाने विकत घ्यायचा, असा नियम होता. ‘येईल तेवढा’ याला वरची मर्यादा नव्हती.

या दोन चलनांचा इतिहास ब्रिटनच्या दृष्टीने क्लेशकारक होता. १९६७च्या अवमूल्यनाआधी एका पौंडाला ११ मार्कांहून जास्त मिळत. १९९०मध्ये पुरते तीनही मिळत नव्हते. १९४९ आणि १९६७ ही दोन्ही मोठी अवमूल्यने मजूर पक्षाच्या सरकारांनी केली होती, आणि त्यावरून हुजूर पक्षाने त्यांना कायम टोचले होते. १९९०च्या शरद ऋतूत महागाई ११ टक्क्यांच्या आसपास पोहोचली, तेव्हा मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पौंड मार्काच्या शिस्तीला बांधून टाकला. तेव्हाचे अर्थमंत्री होते जॉन मेजर. दोन महिन्यांत ते पंतप्रधान झाले.

महागाई खरोखर उतरली. १९९२च्या मध्यापर्यंत ती चार टक्क्यांच्या आत आली. पण त्याच काळात जर्मनीचे एकीकरण झाले होते. पूर्व जर्मनीतल्या लोकांचे पगार आणि ठरावीक मर्यादेपर्यंतची बचत एकास एक दराने पश्चिमेच्या मार्कात बदलून मिळाली, पुनर्बांधणीसाठी सरकारने हात सैल सोडला आणि किमती वाढू लागल्या. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, बुंडेसबँकेने, ब्रेक दाबला. जुलै १९९२मध्ये तिचा डिस्काउंट दर ८.७५ टक्क्यांवर गेला. ब्रिटनमध्ये मात्र मंदी होती. तिथे व्याज उतरवण्याची निकड होती, आणि ते उतरवले तर पैसा मार्काकडे वळून पौंड कोसळेल, अशी भीती होती. म्हणून व्याजदर १० टक्क्यांवर रोखून धरलेला. ब्रिटनमधली बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजाची. हप्ते थकल्यामुळे १९९१ या एकाच वर्षात सुमारे ७५ हजार घरे कर्ज देणाऱ्या संस्थांनी ताब्यात घेतली होती.

विनिमय दराच्या बातमीत ही घरे दिसत नाहीत. पुढच्या चोवीस तासांकडे बघताना ती नजरेआड होऊ देऊ नयेत, एवढ्यासाठी त्यांचा उल्लेख आधीच केला.

आधीचा पंधरवडा

३ सप्टेंबर : पौंडाच्या बचावासाठी १० अब्ज एक्यूचे (युरोपचे सामायिक हिशेबी चलन), म्हणजे सुमारे सव्वासात अब्ज पौंडांचे परकीय चलन कर्जाऊ उभारण्याची घोषणा.

५ सप्टेंबर : बाथ शहरात युरोपच्या अर्थमंत्र्यांची बैठक. यजमान ब्रिटनचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट. त्यांनी बुंडेसबँकेचे अध्यक्ष हेल्मुट श्लेसिंगर यांना व्याजदर उतरवा म्हणून एकदा नव्हे, चारचारदा गळ घातली. कायद्याने स्वतंत्र असलेल्या बँकेच्या प्रमुखाला सर्वांसमोर असे कोंडीत धरणे श्लेसिंगर यांच्या जिव्हारी लागले. ते उठून जायला निघाले होते. पुढच्या दिवसांत ज्याची मदत लागणार होती, त्याच माणसाशी संबंध बिघडले.

८ सप्टेंबर : फिनलंडने आपले चलन ‘मार्का’ बाजारावर सोडून दिले.

१० सप्टेंबर : ग्लासगोमध्ये उद्योगपतींसमोर मेजर यांचे भाषण. अवमूल्यन हा सोपा मार्ग आहे आणि आपण तो धरणार नाही, असा त्याचा आशय. पंतप्रधानाने स्वतःची इभ्रत एका आकड्याला बांधली.

१३ सप्टेंबर : रविवारी रात्री इटलीच्या लिराचे सात टक्के अवमूल्यन. त्या बदल्यात सोमवारी बुंडेसबँकेने व्याज उतरवले, पण ते जेमतेम : एक दर अर्ध्या टक्क्याने, दुसरा पाव टक्क्याने. आता रांगेत पुढचा कोण, याबद्दल बाजाराच्या मनात फारशी शंका उरली नव्हती.

मंगळवार, १५ सप्टेंबर, रात्री ८च्या सुमारास : उरले चोवीस तास

लॅमाँट आणि बँक ऑफ इंग्लंडचे वरिष्ठ दुसऱ्या दिवसाचे डावपेच ठरवत होते. पौंड तळापासून केसभर वर होता. तेवढ्यात बातमी आली. श्लेसिंगर यांनी जर्मनीच्या ‘हांडेल्सब्लाट’ आणि अमेरिकेच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला मुलाखत दिली होती आणि त्यातला मजकूर वृत्तसंस्थांवर फिरू लागला होता. लिराचे अवमूल्यन आणि जर्मनीची व्याजकपात होऊनही, येत्या रविवारी फ्रान्समध्ये युरोपीय करारावर होणाऱ्या सार्वमताआधी आणखी एक-दोन चलनांवर दबाव येणारच नाही असे सांगता येत नाही, असा त्याचा मथितार्थ.

त्यांनी पौंडाचे नाव घेतले नव्हते. घ्यायची गरजही नव्हती. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर रॉबिन ली-पेम्बर्टन यांनी श्लेसिंगर यांना फोन लावला. मजकूर अजून आपण तपासून मंजूर केलेला नाही, असे उत्तर आले. खुलासा सकाळी होणार होता. पण लंडनमध्ये रात्र झाली, तरी न्यूयॉर्कमध्ये दुपार होती, आणि त्यानंतर टोकियो उघडणार होते.

मंगळवारची रात्र : न्यूयॉर्कमधला हिशेब

जॉर्ज सोरोस यांच्या क्वांटम फंडाचा कारभार स्टॅन्ली ड्रकनमिलर पाहत. ऑगस्टपासून त्यांनी पौंडाविरुद्ध दीड अब्ज डॉलरचा सौदा करून ठेवला होता. श्लेसिंगर यांचे उद्‌गार कळताच सौदा वाढवायचा बेत त्यांनी सोरोस यांच्या कानावर घातला. सोरोस म्हणाले, थोडा-थोडा कशाला? खात्री असेल तर सगळे बळ लावा. सौदा १० अब्ज डॉलरच्या घरात गेला.

या सौद्याची रचना समजून घेतली की दुसऱ्या दिवशीचे सगळे समजते. समजा, कोणी १० कोटी पौंड उसने घेतले आणि २.७७८च्या भावाने विकले. हाती आले २७ कोटी ७८ लाख मार्क. पौंड उद्या अडीच मार्कांवर उतरला, तर १० कोटी पौंड परत करायला २५ कोटी मार्क पुरतात. उरलेले २ कोटी ७८ लाख मार्क, म्हणजे नव्या भावाने सुमारे १ कोटी ११ लाख पौंड, खिशात. आणि पौंड तळ सोडून वर सरकलाच, तर तोटा किरकोळ, कारण पौंड एका दिवसात फार वर जाईल अशी परिस्थितीच नव्हती. नफा मोठा, तोटा छोटा, आणि समोर हमखास खरेदीदार म्हणून खुद्द ब्रिटिश सरकार. असा सौदा मंदीवाल्यांना रोज मिळत नाही.

आणि ते एकटे सोरोस नव्हते. मोठमोठ्या बँका, कंपन्यांचे खजिनदार, पेन्शन फंडांचे व्यवस्थापक सगळे पौंड काढून टाकत होते. त्यांतल्या अनेकांना सट्टा खेळायचा नव्हता. त्यांना फक्त जवळ असलेल्या पौंडाचा उद्या बुडणारा दहावा हिस्सा वाचवायचा होता.

बुधवार, १६ सप्टेंबर, सकाळी ८.३० : उरले अकरा तास

थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडच्या डीलिंग रूममध्ये काम आधीच सुरू झाले होते. साडेआठच्या आत बँकेने तीस-तीस कोटी पौंडांची खरेदी दोनदा केली. भाव हलला नाही.

एरवी मध्यवर्ती बँक बाजारात उतरली की ती बातमीच भाव फिरवायला पुरते. मंदीवाले धास्तावतात, सौदे कापतात, आणि बँकेला फार पैसा ओतावा लागत नाही. त्या सकाळी उलटे झाले. बँकेचा प्रत्येक खरेदीचा आकडा बाजाराने तिच्या घाबरटपणाचा पुरावा म्हणून वाचला. ८.४० पर्यंत खरेदी एक अब्ज पौंडांवर गेली. पौंड घ्यायचे म्हणजे गंगाजळीतले मार्क आणि डॉलर द्यायचे. ज्या चलनाचा भाव चढणार ते हातचे जात होते आणि ज्याचा पडणार ते तिजोरीत साचत होते.

सकाळी ९ ते १०.३० : उरले नऊ तास

लॅमाँट यांनी मेजर यांना फोन केला. व्याजदर वाढवावा लागेल. मेजर यांनी थांबायला सांगितले. मंदीत व्याज वाढवणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. पाच महिन्यांपूर्वीच ते निवडणूक जिंकून आले होते, आणि ज्यांनी मते दिली त्यांच्यातच गृहकर्जाचे हप्ते भरणारी लाखो कुटुंबे होती.

मेजर त्या दिवशी ॲडमिरल्टी हाउसमध्ये होते. १९९१मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीने डाउनिंग स्ट्रीटवर उखळी तोफांचा मारा केला होता आणि १० क्रमांकाच्या घराची दुरुस्ती चालू होती. या तात्पुरत्या जागेत बाजारभाव दाखवणारा पडदा नव्हता. देशाच्या चलनाचा भाव मिनिटामिनिटाला पणाला लागलेला आणि पंतप्रधानांच्या हाताशी रेडिओसुद्धा नाही, अशी अवस्था.

साडेदहाला लॅमाँट यांचा पुन्हा फोन. दर काही मिनिटांनी कोट्यवधी पौंडांचे परकीय चलन बाहेर जात होते. मेजर यांनी होकार दिला.

सकाळी ११ : उरले साडेआठ तास

व्याजदर १० वरून १२ टक्के झाल्याची घोषणा. एका फटक्यात दोन टक्के वाढ. शांत काळात अशी वाढ झाली असती, तर पौंडाने उसळी मारली असती.

लॅमाँट यांनी आपल्या कार्यालयातल्या रॉयटर्सच्या पडद्यावर नजर लावली. घोषणा झाली. पौंडाची रेषा तळाशी आडवी होती, ती आडवीच राहिली. डाव हातचा गेला हे आपल्याला त्याच क्षणी उमगले, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले.

रेषा का हलली नाही? १० कोटी पौंड उसने घेणाऱ्याचा हिशेब पुन्हा मांडून बघा. वार्षिक १५ टक्के व्याज धरले, तरी एका दिवसाचे होतात सुमारे ४१ हजार पौंड. समोर नफा दिसतो १ कोटी ११ लाखांचा. चार दिवसांत निकाल लागणार असेल, तर या खेळाडूच्या दृष्टीने १० टक्के काय, १२ टक्के काय आणि १५ टक्के काय? उलट, मंदीत होरपळणारे सरकार व्याज चढवते आहे, म्हणजे ते हे फार दिवस पेलू शकणार नाही, असा अर्थ बाजाराने काढला. विक्री वाढली.

आता ५० हजार पौंडांचे कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाचा हिशेब. १० टक्क्यांनी नुसते व्याज वर्षाला ५ हजार पौंड, १५ टक्क्यांनी साडेसात हजार. महिन्याला दोनशे पौंडांहून जास्त वाढ. सरकारने जे शस्त्र उपसले, त्याचा सट्टेबाजावर ओरखडाही उठत नव्हता. घाव बसणार होता तो घरात.

दुपारी १२.४५ : उरले सात तास

ॲडमिरल्टी हाउसमध्ये बैठक. मेजर, लॅमाँट, ली-पेम्बर्टन, डेप्युटी गव्हर्नर एडी जॉर्ज. शिवाय मंत्रिमंडळातले तीन वजनदार : गृहमंत्री केनेथ क्लार्क, परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड आणि व्यापार खाते सांभाळणारे मायकल हेसल्टाइन. तिघेही युरोपशी जवळीक ठेवण्याच्या बाजूचे.

लॅमाँट यांचे म्हणणे होते की यंत्रणेतून ताबडतोब बाहेर पडावे, कारण प्रत्येक मिनिटाला पैसा जातो आहे. बाकीच्यांचे म्हणणे पडले की आणखी एकदा व्याज वाढवून बघावे. त्यामागे नियमही होता आणि राजकारणही. करार मोडण्याआधी हाताशी असलेले सगळे उपाय करून पाहिले, हे युरोपातल्या भागीदारांना दाखवणे भाग होते. आणि निर्णयाला या तिघांचे हात लागले, म्हणजे उद्या एकट्या मेजर यांच्यावर खापर फोडता येणार नव्हते.

चर्चा चालू असतानाही बँकेची खरेदी थांबलेली नव्हती. नियमाप्रमाणे ती थांबवता येत नव्हती. दाराआड एकेका मुद्द्यावर चाललेल्या खलाची किंमत थ्रेडनीडल स्ट्रीटवर रोखीने चुकती होत होती.

दुपारी २.१५ : उरले साडेपाच तास

दुसरी घोषणा. उद्यापासून व्याजदर १५ टक्के. एका दिवसात पाच टक्क्यांची वाढ.

पौंड तळालाच चिकटून राहिला. ‘उद्यापासून’ या शब्दाने तर बाजाराची खात्रीच पटली की हा उद्या उजाडणार नाही.

त्याच दिवशी स्टॉकहोममध्ये स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपला एक अल्पमुदतीचा दर ५०० टक्क्यांवर नेला. हा आकडा वेडाचा वाटतो, पण वरचा हिशेब लक्षात घेतला तर त्यातली सक्ती कळते. काही दिवसांत दहा टक्के नफा दिसणाऱ्याला व्याजाने रोखायचे, तर व्याज शेकड्यांतच न्यावे लागते. स्वीडनने त्या आठवड्यात क्रोना वाचवला. दोन महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, तोही सोडून द्यावा लागला.

ब्रिटनला ५०० टक्के शक्य नव्हते. तिथे व्याजाची प्रत्येक वाढ थेट घराच्या हप्त्यात उतरत होती. पौंडाच्या तळाखाली आणखी एक तळ होता : कर्जदार कुटुंबाची सोसण्याची ताकद. ती संपत आली आहे हे बाजाराने हेरले होते, आणि मंत्र्यांनाही ते ठाऊक होते.

दुपारी ४ : उरले साडेतीन तास

चार वाजता सक्तीच्या खरेदीची वेळ संपली. बँक ऑफ इंग्लंड बाजूला झाली. आधार निघताच पौंड २.७७८च्या खाली घसरला. पावणेदोन वर्षांहून जास्त काळ ज्या रेषेसाठी देशाने मंदी अंगावर काढली, ती ओलांडायला काही क्षण लागले.

पाचच्या सुमारास मंत्री पुन्हा जमले. आता वादाला जागाच नव्हती. सदस्यत्व स्थगित करायचे ठरले, आणि युरोपच्या राजधान्यांना कळवण्यासाठी फोन सुरू झाले.

सायंकाळी ७.४०

अर्थमंत्रालयाच्या प्रांगणात कॅमेरे लागले होते. लॅमाँट बाहेर आले. दिवस अत्यंत कठीण आणि खळबळीचा गेला, असे सांगून त्यांनी विनिमय दर यंत्रणेतले ब्रिटनचे सदस्यत्व स्थगित केल्याचे जाहीर केले. १५ टक्क्यांची वाढ रद्द. चित्रफितीत त्यांच्या मागे एक तरुण सल्लागार उभा दिसतो. पंचवीस वर्षांचा डेव्हिड कॅमेरून. चोवीस वर्षांनी ब्रिटन आणि युरोप यांच्यातल्या आणखी एका ताटातुटीची घोषणा पंतप्रधान म्हणून त्यालाच करावी लागणार होती.

मुंबईत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ब्रसेल्समध्ये युरोपच्या चलन समितीची बैठक पहाटेपर्यंत चालली. इटलीनेही लिरा यंत्रणेतून बाहेर काढला आणि स्पेनच्या पेसेटाचे पाच टक्के अवमूल्यन झाले. गुरुवारी सकाळी ब्रिटनचा व्याजदर परत १० टक्क्यांवर आला. चोवीस तासांत १०, १२, १५ आणि पुन्हा १०.

नंतर

ऑक्टोबरमध्ये पौंड अडीच मार्कांच्याही खाली गेला. क्वांटम फंडाला सुमारे एक अब्ज डॉलरचा नफा झाला, आणि त्याच महिन्यात ही गोष्ट लंडनच्या वृत्तपत्रात झळकल्यावर सोरोस हे नाव घरोघरी पोहोचले. ब्रिटिश अर्थमंत्रालयाने स्वतःच्या तोट्याचा हिशेब २००५मध्ये माहिती अधिकाराखाली उघड केला. तो होता ३.३ अब्ज पौंड. लॅमाँट यांना मे १९९३मध्ये पद सोडावे लागले. आर्थिक कारभार नेटका करणारा पक्ष ही हुजूर पक्षाची ख्याती त्या बुधवारी गेली ती गेलीच, आणि १९९७च्या निवडणुकीत त्याचा धुव्वा उडाला.

आणि देशाचे? व्याजदर उतरत उतरत जानेवारी १९९३मध्ये ६ टक्क्यांवर आला. स्वस्त पौंडामुळे निर्यात सावरली. महागाई भडकेल अशी भीती होती, तीही खरी ठरली नाही. सरकारने ऑक्टोबर १९९२मध्ये परकीय चलनाशी बांधलेला दर सोडून थेट महागाईचेच उद्दिष्ट ठरवले, १ ते ४ टक्के. आज जगातल्या कित्येक मध्यवर्ती बँका याच पद्धतीने चालतात, आपली रिझर्व्ह बँकही. उरलेल्या युरोपने दर वाचवण्याची झुंज चालू ठेवली, पण ऑगस्ट १९९३मध्ये यंत्रणेतली मुभाच वर-खाली १५ टक्के करावी लागली.

म्हणून या दिवसाला ‘काळा बुधवार’ म्हणताना अनर्थ नेमका कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. पौंड पडणे हा अनर्थ नव्हता. तो पडला म्हणूनच श्वास घेता आला. अनर्थ होता तो पडू नये यासाठी आधीची दोन वर्षे मोजलेली किंमत, आणि तो पडणारच हे दिसल्यावरही इभ्रतीपोटी घालवलेला तो शेवटचा दिवस. २.९५ हा दर ब्रिटनच्या कारखान्यांना आणि कामगारांना झेपणारा आहे का, हा प्रश्न हिशेबाचा होता. सरकारने तो मानापमानाचा केला आणि मग हिशेब मांडणे हीच गद्दारी ठरली.

यापेक्षा वेगळे वागता येते, आणि तसे उदाहरण आपल्याच देशात, त्याच्या वर्षभर आधी घडले होते. जुलै १९९१मध्ये भारताची गंगाजळी आटली होती. मुंबईतून रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी गहाण गेले, आणि तेही बँक ऑफ इंग्लंडच्याच तिजोरीत. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, दोन्ही मिळून सुमारे १८ टक्के. पहिल्या टप्प्यानंतर पंतप्रधान नरसिंह राव कचरले होते. दुसरा टप्पा थांबवता येईल का हे विचारायला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर पाऊल पडून गेले होते. अवमूल्यनाची नामुष्की आपल्या राज्यकर्त्यांनाही डाचत होती. १९६६चा अनुभव ते विसरले नव्हते. फरक इतकाच की त्यांनी ती नामुष्की पत्करली, आणि तिच्या पाठोपाठ सुधारणाही आणल्या. रुपया पाडण्याचा निर्णय आपल्या सरकारने घेतला. पौंडाच्या बाबतीत तो बाजाराने घेतला, आणि सरकारला संध्याकाळी फक्त वाचून दाखवावा लागला.

आजही डॉलरला किती रुपये यावरून आपल्याकडे राजकारण तापते. सत्तेत बसणारे बदलतात तशी टीका करणाऱ्यांची तोंडेही बदलतात, पण भावाला देशाची अब्रू मानण्याची खोड तीच राहते. एखादा मंत्री विशिष्ट आकडा राखण्याची शपथ घेतो, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत : हा दर आपल्या उत्पादनाला आणि व्यापाराला परवडतो का, आणि तो राखण्याचा खर्च कोणाच्या हप्त्यातून वसूल होणार? १९९२मध्ये ब्रिटनच्या संसदेत सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्या दराच्या बाजूचे होते. हे प्रश्न विचारणारे मोजके होते आणि त्यांचे कोणी ऐकले नाही. बाजाराने मात्र तेच प्रश्न विचारले, आणि उत्तर न देता येणाऱ्या सरकारला एका दिवसात उघडे पाडले. ते काम आधीच नागरिकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी केले असते, तर हजारो कुटुंबांना घराच्या किल्ल्या परत कराव्या लागल्या नसत्या.